निकामी इंजिनाचा पंचनामा

विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडलं याचं खुशालरावांना पहिल्या दिवशी दुःख झालं नाही. उलट बंद पडायला त्यानं वेळ मोठी समजूतदारपणाची निवडली, असं त्यांचं मत पडलं. संत्र्याच्या बागेला आता ताण द्यायचा होता. ताण देणं म्हणजे झाडांचं पाणी तोडायचं, पानं माना टाकून पिवळी पडेपर्यंत त्यांना तहानलेलं ठेवायचं, आणि संक्रांतीच्या आसपास एकदम पाणी सोडायचं. मग झाड घाबरून भरभरून फुलतं. घाबरवल्याशिवाय न फुलणारी ही जात. पण पाणी सोडायला उशीर झाला तर फुलायचं राहतं बाजूला, झाड सरळ वाळतं. म्हणजे इंजिनाला चांगली दीड-दोन महिन्यांची सुट्टी होती, आणि तेवढ्यात ते दुरुस्त करायचं की नवंच घ्यायचं, हे ठरवायचं होतं. ठरवायला एवढा वेळ मिळाला, इथंच सगळा घात झाला.

खुशालराव म्हणजे बसस्थानकावरचे रिटायर कंट्रोलर. उभा जन्म मायक्रोफोनसमोर 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी' म्हणण्यात गेल्यामुळे त्यांची भाषा इतकी शुद्ध झाली होती की गावी येऊन राहिल्यावर ते बैलालाही 'कृपया बाजूला व्हा' म्हणत, आणि बैल होत नसे. वऱ्हाडी त्यांच्या तोंडून फक्त रागात बाहेर पडायची. पण कंट्रोलरनं रागावणं बरं दिसत नाही, म्हणून ती सहसा पडत नसे. वावरात जाताना अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात रुमाल. इंजिनाचं हँडल मारण्याचा मान त्यांचा. रुमाल हँडलभोवती गुंडाळून ते दोन-तीन वेढे असे काही अदबीनं मारत, की इंजिनालाच शरम वाटून ते सुरू होई.

बाग मात्र सुभद्राबाईंची. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, पण नवरा अकोल्याला बसगाड्या सोडत असताना रोपं लावली ती यांनी. एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा दूरच्या नाल्यातून डोक्यावर पाणी आणून जगवली तीही यांनीच. कोणतं झाड आळशी, कोणतं गुणाचं, हे त्या पोटच्या पोरांसारखं सांगत. ही झाडं वाळली तर सुभद्रा काय करेल, याचा विचार खुशालराव करत नसत. केला की ते फडकं घेऊन इंजिन पुसायला जायचे.

वर्षं मोठी वाईट चालली होती. पेपर उघडला की विदर्भाच्या नावानं काळ्या चौकटीतली बातमी. पुण्याला नोकरीला असलेला त्यांचा शिवम ती वाचून रोज संध्याकाळी फोन करायचा आणि घाबऱ्या आवाजात विचारायचा, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" खुशालराव म्हणत, "मी बरा आहे. इंजिन बरं नाही." आता यावर पोरानं काय बोलायचं? तो म्हणे, आईला द्या फोन.

पातूरहून फारुखभाई मिस्त्री आले. त्यांनी इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि बिडी पेटवली.

"रिंगा घासल्या. हेडाले चीर हाये. हेड अकोल्याले लेथवर न्या लागन."

"म्हणजे दुरुस्त होईल?"

"होते ना."

"की नवीन घ्यावं?"

"नवं बी घेता येते," फारुखभाई म्हणाले. एवढा सल्ला देऊन ते चहा प्यायला बसले.

शेजारच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, देवरावांना मात्र मत होतं. देवरावांना सगळ्याच गोष्टींवर मत असतं, आणि ते दर दोन दिवसांनी बदलतं. सोमवारी म्हणाले, "जुनं लोखंड, भाऊ. असं लोखंड आता मिळत नाही. दुरुस्तच करा." बुधवारी म्हणाले, "त्या भंगाराले कायले कवटाळून बसले? नवं घ्या." वास्तविक त्यांच्या स्वतःच्या विहिरीवर विजेची मोटर होती. विजेचे खांब त्यांच्या धुऱ्यापर्यंत येऊन तिथंच थांबले होते, खुशालरावांच्या बागेकडे एक पाऊल टाकायला तयार नव्हते. लोडशेडिंगमुळे ती मोटरही बहुतेक वेळ नुसती बसूनच असायची, म्हणून देवरावांना सल्ल्यासाठी भरपूर वेळ मिळे.

खुशालरावांनी दुरुस्तीचं ठरवलं. बाकीचं इंजिन फारुखभाईंच्या दुकानात गेलं, आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं लोखंडी झाकण, पोत्यात बांधलं. आता माणूस काय करील? पोतं घेऊन स्वतः अकोल्याला जाईल. पण ज्यानं हयातभर गाड्या सोडल्या त्यानं लोखंडाचं पोतं मांडीवर घेऊन गाडीत बसायचं? त्यांनी लेथवाल्या अजहर मिस्त्रींना फोन केला की साडेआठच्या गाडीनं हेड पाठवतो, स्टँडवरून उतरवून घ्या. साडेआठला फाट्यावर गाडी आली. पोतं चढवलं, ड्रायव्हरला नमस्कार केला. पाटी वाचली नाही. पाटी प्रवाशांसाठी असते, साडेआठची गाडी अकोल्याला जाते हे कंट्रोलरला पाठ होतं.

ती जात असे. खुशालराव रिटायर झाल्यावर वेळापत्रक बदललं होतं. साडेआठची गाडी आता बार्शीटाकळीवरून थेट अमरावतीला जात होती, आणि इंजिनाचं हेडही तिच्यासोबत अमरावतीला गेलं.

अजहर मिस्त्री दोन दिवस अकोल्याच्या स्टँडवर चकरा मारून दमले. तिसऱ्या दिवशी शोध लागला, आणि खुशालराव स्वतः अमरावतीला गेले. हेड तिथल्या कंट्रोलरच्या खोलीत सुखरूप होतं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवलं होतं. तिथला तरुण कंट्रोलर चांगला मुलगा होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अत्यंत आपुलकीनं विचारलं, "पाटी वाचली नव्हती का, आजोबा?"

 घरी येऊन खुशालरावांनी पोतं आदळलं आणि जाहीर केलं की दुरुस्ती नको, नवीनच घेणार.

सुभद्राबाई म्हणाल्या, "घ्या, पण लवकर घ्या. पानं गळाले लागली."

नवीन इंजिन पेन्शनीत बसत नव्हतं, पण सरकारी योजनेत बसत होतं. त्या वर्षी सरकारला शेतकऱ्यांची फार काळजी लागली होती आणि मदतीच्या पॅकेजातून काही ना काही वाटप चालू होतं. देवरावांनी बातमी आणली की जुनं इंजिन निकामी असल्याचा पंचनामा झाला की नवं मिळतं. खुशालराव लगेच तालुक्याला गेले. तिथं नगमा मॅडम म्हणून कृषी खात्यातल्या एक तरुण बाई होत्या. कामाला चोख, बोलायला गोड, आणि समोरच्याचं वय पाहून आवाज मोठा करणाऱ्या.

"काका, इंजिन कुठंय?"

"फारुखभाई मिस्त्रींच्या दुकानात. सुट्या भागांच्या स्वरूपात."

"सुट्या भागांचा पंचनामा होत नाही, काका. इंजिन जोडलेलं पाहिजे, विहिरीवर जागेवर बसवलेलं पाहिजे, आणि बंद पाहिजे."

"पण ते बंद आहे म्हणूनच उघडलं आहे."

"उघडलेलं इंजिन म्हणजे दुरुस्तीला टाकलेलं इंजिन. दुरुस्तीला टाकलेलं म्हणजे दुरुस्त होण्यासारखं. मग ते निकामी कसं?"

  खुशालरावांच्या नोकरीतही असले नियम होते, पण तेव्हा ते खिडकीच्या आतल्या बाजूला असल्यामुळे नियम समजत असत.

तर असा प्रकार झाला, की निकामी ठरवण्यासाठी इंजिन आधी नीट जोडून आणणं भाग पडलं. हेडाचं पोतं परत देऊन फारुखभाईंना हे समजावताना खुशालरावांना घाम फुटला.

"बंद ठेवाले जोडू?" फारुखभाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"हो."

"मिस्त्री लोकांत असं काम आजवर कोणाले मिळालं नसन."

आठवड्याभरानं फारुखभाईंनी इंजिन बैलगाडीतून आणून विहिरीवर बसवलं. बसवून झाल्यावर ते जरा अवघडल्यासारखे उभे राहिले. खुशालरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "एक सांगू? हेड मी सोता अकोल्याले नेलं, अजहरच्या हातून चीर भरून घेतली. रिंगा बी नव्या टाकल्या. खराब माल जोडाले हात धजत नाही, भाऊ. रातभर झोप आली नसती."

खुशालराव मटकन धुऱ्यावर बसले. "म्हणजे आता ते चालतं?"

"मले काय मालूम? मी हँडल मारूनच पाह्यलं नाही. तुमी बी मारू नका. मॅडम येतील, पाहतील, जातील. कोणी हँडलच नाही मारलं तं चालते का बंद हाये, हे कोण सांगन?"

खुशालराव पापभीरू माणूस. पण ते बराच वेळ बसून या निष्कर्षाला आले, की सुरू केलेलं नाही तोवर इंजिन बंदच असतं, आणि बंद इंजिनाला बंद म्हणण्यात खोटं काही नाही. त्यांनी हँडल गवताच्या गंजीत खुपसून ठेवलं. मोह नको.

संक्रांत होऊन गेली होती. झाडांच्या फांद्या उघड्या दिसायला लागल्या होत्या. सुभद्राबाई सकाळी वावरात जात आणि दुपारी न जेवता परत येत. गावातली सगळी भाड्याची इंजिनं गहू-हरभऱ्याला जुंपलेली. ज्या दिवसांत मिळत होती त्या दिवसांत खुशालराव म्हणाले होते, की स्वतःचं इंजिन असलेला माणूस भाड्याचं आणत नाही. सुभद्राबाई याबद्दल काही बोलल्या नाहीत. त्या न बोलल्यामुळे खुशालरावांचा जीव अर्धा झाला होता.

आणि पंचनाम्याचा दिवस उजाडला. पंच म्हणून देवराव आणि फारुखभाई टोप्या घालून हजर. सुभद्राबाईंनी मॅडमसाठी पाण्याची कळशी आणि चहाचा थर्मास आणला. इंजिनाजवळ सतरंजी अंथरली. नगमा मॅडम स्कूटीवरून धूळ झटकत आल्या, इंजिनाभोवती एक चक्कर मारली, बोटानं काजळी पाहिली आणि बसून लिहायला लागल्या. मोठ्यानं उच्चारत लिहिण्याची त्यांना सवय होती.

"इंजिन जागेवर आढळले. बंद स्थितीत आढळले. निकामी होण्याचे कारण..." त्या क्षणभर थांबल्या. "मालकाने वेळोवेळी निगा न राखल्यामुळे."

खुशालराव खाकरले. "मॅडम, कृपया तेवढं वाक्य बदलता येईल का?"

"काका, कारण लिहावंच लागतं. दुसरं काय लिहू?"

"वयोमानानुसार, असं लिहा."

"ते माणसांना लिहितात."

देवराव कानाशी लागले. "लिहू द्या ना, भाऊ. नवं इंजिन भेटून राहिलं, तुमाले कारणाशी काय करा लागते?"

 खुशालरावांनी ते वाक्य गिळलं, यावर कृपया विश्वास ठेवा. त्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिलं, पिवळ्या पडलेल्या बागेकडे पाहिलं, आणि सहीसाठी पेनसुद्धा हातात घेतला. आता सही झाली असती आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण नगमा मॅडम मनानं चांगल्या. म्हातारा खट्टू झालेला त्यांना पाहवला नाही. त्या आवाज आणखी मोठा करून समजुतीनं म्हणाल्या, "मन लावून घेऊ नका, काका. नवीन इंजिनाबरोबर माहितीचं पुस्तक मिळतं. ते कोणाकडून तरी वाचून घेत जा."

वाचून घेत जा.

अमरावतीपासून आत साचलेलं सगळं वर आलं. खुशालराव उठले. चालत गंजीपाशी गेले, गवतात खांद्यापर्यंत हात घातला आणि हँडल उपसून आणलं. फारुखभाईंचा चेहरा पांढरा पडला. "खुशालराव, सही करा. अवो, आधी सही करा," ते म्हणत राहिले, पण ऐकायला खुशालराव होते कुठं?

"मले वाचून दाखवान?" ते म्हणाले. ही वऱ्हाडी होती. देवराव दोन पावलं मागं सरले. "मी निगा नाही राखली? मी? या इंजिनाले मी रोज फडक्यानं पुसलं, मॅडम. माह्या पोराले नाही पुसलं एवढं पुसलं."

रुमाल गुंडाळायचं भान राहिलं नाही. त्यांनी हँडल लावलं आणि असं फिरवलं की सदऱ्याची शिवण खांद्यापासून बगलेपर्यंत उसवली. एक वेढा, दुसरा वेढा, आणि इंजिनानं काळ्या धुराचा एक लोट मॅडमच्या कागदांवर सोडून धडधडायला सुरुवात केली.

 धूर निवळल्यावर खुशालरावांना आपण काय केलं ते दिसलं.  जन्मात त्यांनी इतक्या लोकांसमोर इतकं मूर्खपणाचं काम केलं नव्हतं, आणि ते धडधड आवाज करत सगळ्या शिवाराला ऐकू जात होतं.

आधी भानावर आल्या त्या नगमा मॅडम. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, बंद करा. मी काही पाहिलं नाही असं समजते. मार्चनंतर नवीन इंजिन येईल तुमचं."

यापेक्षा मोठं मन सरकारनं कधी दाखवलं नसेल. खुशालरावांचा हात इंजिन बंद करायच्या दांड्याकडे गेला.

"हात काढा," सुभद्राबाई म्हणाल्या.

मॅडमसाठी आणलेली कळशी त्यांनी पंपात उपडी केली होती आणि पंपानं पाणी धरलं होतं. पाइपातून पाण्याचा पहिला लोंढा नालीत पडला. त्यांनी पदर खोचला, फावडं घेतलं आणि मॅडमकडे वळून साध्या आवाजात सांगितलं, "मॅडम, चालू लिवा. मार्चपावतर माह्या बागेत फक्त सरपण राहीन."

मॅडमनी लिहिलं. 'इंजिन चालू स्थितीत आढळले. मालकाने समक्ष चालवून दाखविले.' पंचांनी सह्या केल्या. फारुखभाईंनी सही करताना जरा लाजत इंजिनाकडे पाहिलं. नवीन इंजिन गेलं ते गेलं. इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं, सगळे मिळून चालू इंजिनात डबड्यानं डिझेल ओतत राहिले, कारण बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची कोणाला खात्री नव्हती. शेवटच्या ओळीतल्या झाडाला पाणी पोचलं तेव्हा सुभद्राबाई नालीच्या काठावर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. खुशालराव दुरून पाहत उभे राहिले. जवळ जायची हिंमत झाली नाही.

आठ-दहा दिवसांत फांद्यांवर हिरवे ठिपके दिसले आणि दुसऱ्या पाण्याची वेळ आली. ताण मोडल्यावर दुसरं पाणी चुकवलं तर आलेली कळी गळते. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, आणि इंजिनाची गोष्ट तर त्याहून जास्त, त्यामुळे विहिरीवर चांगली पंचवीस-तीस माणसं जमली.

खुशालरावांनी नवीन सदरा घातला होता. रुमाल गुंडाळला, अदबीनं हँडल मारलं. इंजिन ढिम्म. पुन्हा मारलं. देवरावांनी मारून पाहिलं, कंबर धरून खाली बसले. फारुखभाईंनी नोझल पाहिलं, डिझेल पाहिलं. "सगळं बराबर हाये. हँडलाले जोर पायजे. त्या दिवशी कंट्रोलर साहेबांनी मारलं होतं, तसा."

"त्या दिवशी साहेबांले राग आला होता," गर्दीतून कोणीतरी बोललं.

मग गर्दीनं राग आणायचे प्रयत्न केले. एकानं 'आजोबा' म्हणून पाहिलं. देवरावांनी बसल्या बसल्या निगा राखण्यावरून टोमणा मारला. पण ठरवून केलेल्या अपमानानं खुशालरावांना राग येईना, उलट जमलेल्या लोकांचे कष्ट पाहून त्यांना हसू आलं.

सुभद्राबाई फावड्यावर हात ठेवून हे सगळं पाहत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी नवऱ्याला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी कळ्या पाहिल्या, ऊन पाहिलं आणि पुढं आल्या.

"शिवमचे बाबा," त्या म्हणाल्या, "तुमच्या गाड्या येळेवर सुटाव्या म्हणून शिवम झाला तवा बी तुमी नाही आले. मी डोक्यावर पाणी वाहून हे झाडं जगवले तवा बी नाही आले. आन् रिटायर झाल्यावर आले, तं पह्यल्या दिवशी बागेत पाटी लावली, 'खुशालरावांची बाग'."

 खुशालरावांच्या हातून रुमाल गळून पडला. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यातून ना शुद्ध निघालं ना वऱ्हाडी. कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी वाकून हँडल धरलं आणि फिरवलं. पहिल्याच वेढ्याला इंजिन सुरू झालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभद्राबाई पाण्यामागं निघूनही गेल्या. खुशालराव हँडल हातात घेऊन जागीच उभे राहिले. हिनं हे आता सुचून म्हटलं नाही, एवढं त्यांना कळलं होतं. एकही शब्द शोधायला ती थांबली नव्हती. सगळं तयारच होतं, वर्षानुवर्षं.

देवराव कंबर सांभाळत जवळ आले आणि विचारलं, "भाऊ, पुढची पाण्याची पाळी कवा हाये? मंडळी इचारून राहिली, यायचं म्हणतात."

खुशालरावांनी बागेकडे पाहिलं. पाऊस जूनमध्ये येतो, आणि तोवर दर आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावंच लागतं.